न दिसणारा टाका

मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला नाशिकच्या थंडीचे कौतुक वाटते. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला तिची धास्ती वाटते. पारा उतरू लागला की तो रात्री बागेत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देत बसतो. त्याच सुमारास शहरात तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरांची दुकाने मांडली जातात आणि आमच्यासारख्या जुन्या घरांत माळ्यावरची लोकरीची पेटी खाली उतरते. आईची ही पेटी आता माझ्याकडे आहे. उरलेल्या लोकरीचे लहानमोठे गुंडे, वेगवेगळ्या आकड्यांच्या सुयांच्या जोड्या, एक क्रोशाची सुई आणि या साऱ्याला लागलेला डांबराच्या गोळ्यांचा वास, एवढीच तिच्यातली संपत्ती.

गेल्या आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात माझ्या चौदा वर्षांच्या नातीने ती पेटी उघडली आणि “आजी, मला विणायला शिकव” म्हणून माझ्या मागे लागली. धाकट्या भावासाठी नाताळपर्यंत स्वेटर करायचा, असा तिचा बेत होता. भाऊ सहा वर्षांचा. लोकर थोडी, उत्साह भरपूर. मी होकार दिला.

पहिला धडा टाके घालण्याचा. डाव्या अंगठ्याभोवती लोकरीचा फास घ्यायचा आणि तो सुईवर चढवायचा, एवढीच कृती. पण नवशिक्याचा हात भीतीने आवळला जातो. फास निसटेल या धास्तीने प्रत्येक टाका करकचून ओढला जातो आणि काठ इतका घट्ट होतो, की पुढचे सारे अंग सैल विणले तरी तो काठ काही ताणत नाही. जुन्या बायका यावर उपाय म्हणून दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालीत आणि मग एक सुई हलकेच काढून घेत. नातीने तीनदा टाके घातले, तीनदा काढले. चौथ्यांदा काठाला हवे तेवढे सैलपण आले.

मग बॉर्डर आली: दोन सुलट, दोन उलट. सुलट टाका पुढे येतो, उलट टाका मागे सरतो. त्यामुळे विणीला उभ्या पन्हळी पडतात आणि ती मिटते, ताणली की उघडते, सोडली की पुन्हा अंगाला बिलगते. एका बाजूने सारे टाके सुलट दिसणारा तुकडा कडांना गुंडाळला जातो, कारण त्याच्या दोन बाजूंचा ओढा सारखा नसतो. सुलट आणि उलट शेजारी शेजारी नांदू लागले की तो ओढा समतोल होतो आणि काठ सपाट बसतो. बॉर्डर ११ नंबरच्या सुयांवर, अंग ९ नंबरच्या. आपल्याकडच्या जुन्या सुयांचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे पचवायला तिला एक अख्खा दिवस लागला.

पाठीचा भाग बगलेपर्यंत आला तेव्हा मी तो हातात घेऊन टाके मोजले. एक कमी भरला. शोधता शोधता तो सापडला: डाव्या कडेपासून तिसरा टाका, वीस ओळी खाली, सुईवरून निसटून तसाच राहून गेलेला. दोन-तीन ओळींत लक्षात आले असते तर क्रोशाच्या सुईने तो पायरी पायरीने वर आणता आला असता. पण वीस ओळींनंतर शेजारच्या टाक्यांनी त्याची जागा व्यापलेली असते. आता ओढून वर आणला तर तेथे कापड कायमचे चुणीने आवळले जाणार. म्हणजे वीस ओळी उसवणे आले. मी तसे सांगितले. नातीने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “आजी, तो तर कडेलाच आहे. त्याला आतून गाठ मारते. शिवताना तीन टाके आत घेतले की दिसणारसुद्धा नाही. कोण पाहणार?”

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण हाच प्रश्न मी पूर्वी एकदा स्वतःला विचारला होता आणि त्याचे सोयीचे उत्तर घेतले होते. त्याची हकिकत पुढे येईल. आधी प्रश्नाचाच विचार करू, कारण तो केवळ स्वेटरचा नाही. जे काम कोणी पाहणार नाही ते नीट का करावे, हा प्रश्न शिक्षकाला उत्तरपत्रिका तपासताना पडतो, गवंड्याला गिलाव्याआड जाणारी वीट लावताना पडतो, परिचारिकेला रात्रपाळीत पडतो, आणि प्रार्थना पुटपुटणाऱ्या तुम्हाआम्हालाही पडतो.

मराठीत मागावर कापड विणतात आणि सुयांवर स्वेटरही विणतात, क्रियापद एकच. परंतु दोन्हींच्या रचनेत मोठे अंतर आहे. मागावर उभे आणि आडवे असे अनेक धागे एकमेकांना छेदतात; त्यांतला एक तुटला तर शेजारचे धागे कापड धरून ठेवतात. सुयांवरच्या विणीत बहुधा एकच धागा आपल्याच फासांतून पुढे पुढे जात राहतो. प्रत्येक फास खालच्या फासातून निघालेला आणि वरच्या फासाने धरून ठेवलेला. मधला एक मोकळा राहिला की त्याच्या खालचा सुटतो, मग त्याच्या खालचा. बघता बघता कापडात शिडी पडते. म्हणून येथे कोणतीही चूक एकट्या टाक्याची राहत नाही. विणकामाने मला शिकवलेली ही पहिली नीतिकथा: माझे काम माझ्या आधीच्याने धरलेले आहे आणि माझ्या नंतरच्याला मी धरायचे आहे.

आपल्या जिल्ह्यातच या प्रश्नाचे एक जुने उत्तर मागावर विणलेले आहे. नाशिकहून सुमारे ८० किलोमीटरवरच्या येवल्यात पैठणीचा पदर घेताना जाणती गिऱ्हाईक बाई तो आधी उलटून पाहते. हातमागावरच्या अस्सल पैठणीत रंगीत धागे एकमेकांत असे अडकवलेले असतात, की पदराची उलट बाजू जवळजवळ सुलट बाजूसारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत पाठीमागे धाग्यांचे लोंबकळते जाळे असते. तेथे पारख उलट बाजूने होते. हे उत्तर देखणे आहे. परंतु नीट पाहिले तर ते आपल्या प्रश्नाला पुरे पडत नाही. पैठणीची उलट बाजू पाहणारे कोणीतरी असतेच. आमच्या प्रश्नातली बाजू अशी आहे, की जी शिवणीच्या आत कायमची मिटून जाणार आहे.

लहानपणी आम्हांला विणकाम शिकवणाऱ्या धर्मभगिनीकडे याचे उत्तर तयार होते: “देव पाहतो.” त्या वयात ते पुरेसे वाटले. पुढे विचार करू लागल्यावर त्यात एक अडचण दिसली. देव पाहतो म्हणून मी नीट विणत असेन, तर देव हा माझ्या दृष्टीने एक अधिक उंच बसलेला तपासनीस ठरतो. आई खोलीत असताना नीट विणणे आणि देव आकाशात असल्यामुळे नीट विणणे, यांत पाहणाऱ्याचा पल्ला तेवढा वेगळा. विणणारीचे मन तेच, धरले जाण्याला भिणारे. आपल्या धर्मशिकवणुकीला हा भेद ठाऊक आहे. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रायश्चित्त संस्काराविषयी बोलताना, शिक्षेच्या भयातून उपजणारा अपूर्ण पश्चात्ताप आणि प्रेमातून उपजणारा परिपूर्ण पश्चात्ताप असे दोन प्रकार वेगळे केले. भयाला तिने तुच्छ लेखले नाही. ते दारापर्यंत आणून सोडते. पण दाराशीच थांबून राहावे असे कोणी सांगितलेले नाही. तेव्हा ‘देव पाहतो’ हे वाक्य खोटे नाही. मात्र आपण ते ज्या अर्थाने घेतो तो अर्थ बहुधा अपुरा असतो.

आता माझी हकिकत. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हिमालयात हल्ला केला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचे सैनिक सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत बर्फात उभे आहेत, ही गोष्ट त्या दिवसांत घरोघर बोलली जात होती आणि ती अफवा नव्हती. देशभर बायकांनी सुया हाती घेतल्या. नाशिकला तर देवळालीच्या तोफखान्याच्या शाळेमुळे जवान नित्याच्या ओळखीचे. रस्त्यावर, बाजारात, रविवारी मिस्सेलासुद्धा दिसणारे. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढल्या वर्षी नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. तेव्हा सीमेवरचे युद्ध आमच्या गल्लीतलेच वाटे. आमच्या घरी दुपारी शेजारच्या आठ-दहा बायका जमत. कोणी बाह्या करी, कोणी पाठ, कोणी गळ्याचे टाके उचली. मोठ्या माणसाच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते. ती वर्गणीतून येई. माझ्या वाट्याला मफलर आला, दोन सुलट, दोन उलट.

त्या मफलरच्या मध्याजवळ कुठेतरी एक टाका सुटला. मला तो दिसला तेव्हा हातभर विणून झाले होते. उसवले तर आई रागावेल, बायका हसतील, आणि माझा मफलर त्या दिवशीच्या गाठोड्यात जाणार नाही. मी सुटलेल्या फासातून लोकरीचा तुकडा ओवला, मागून गाठ मारली आणि टोके दाताने तोडली. रात्री कंदिलाच्या उजेडात आईने मफलर लांबीला ताणून पाहिला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. गाठोडे गेले. ती शाबासकी मला आजही नकोशी आठवते.

मफलरला भोक पडल्याने कोणी मरत नाही, हे मला कळते. कदाचित गाठ टिकलीही असेल. दहा वर्षांच्या पोरीच्या या अपराधाला मोठे करून सांगावे असाही हेतू नाही. पण त्या रात्री नेमके काय चुकले, याचा मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. टाका सुटणे हा दोष नव्हता. टाके सर्वांचे सुटतात. आईला फसवले हा दोष होता, पण तोही मुळाशी नव्हता. मूळ हे, की गाठ मारताना माझ्या मनात आईचा डोळा होता आणि जवानाचा गळा नव्हता. कोण पाहणार, एवढेच मी विचारले. कोण घालणार, हे विचारलेच नाही.

माझ्या मते सगळा फरक या दोन प्रश्नांत आहे. ‘कोण पाहणार’ या प्रश्नात काम आणि पाहणारा डोळा एवढेच दोघे असतात. ज्याच्यासाठी काम आहे तो माणूस त्यातून गळून पडतो. डोळा चुकवता आला की प्रश्न संपतो. ‘कोण घालणार’ या प्रश्नात मात्र एक अंग समोर येते, त्याला ऊब लागते, त्याची कातडी घासते. त्या अंगाला उलट बाजूच लागते. स्वेटरची जी बाजू जगाला दिसत नाही तीच नेमकी घालणाऱ्याच्या शरीराला भिडलेली असते. कोणी पाहणार नाही असे आपण म्हणतो ती बाजू त्याने सोसायची असते. देव पाहतो, याचाही खरा अर्थ मला आता असा वाटतो, की तो वरून तपासत नाही. तो त्या घालणाऱ्याच्या बाजूला असतो. उघड्याला वस्त्र दिले ते मलाच दिले, असे प्रभू म्हणाला ते संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आपण वाचतो. त्या वचनाचा अर्थ शब्दशः घेतला, तर मफलर घालणाराही तोच.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मोज्याचा पुढचा भाग मिटवताना दोन सुयांवरचे जिवंत टाके सुई-दोऱ्याने असे जोडतात, की जोडाची ओळ विणीचीच आणखी एक ओळ होऊन जाते. हाताला शिवण लागत नाही. या टाक्याला लॉर्ड किचनरचे नाव चिकटले आहे. हाच किचनर १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. त्या युद्धात खंदकांतल्या सैनिकांसाठी बायका मोजे विणीत आणि बोटांवर घासणारी जाड शिवण म्हणजे सैनिकाच्या पायाला जखम, असे होते. घालणाऱ्याच्या बोटाचा एवढा विचार या टाक्यात आहे. आणि ज्याचे नाव त्याला आहे त्याच्याच हुकमतीखाली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शेते जाळली गेली, बायकामुलांना छावण्यांत डांबले गेले. त्या छावण्यांत २६,००० हून अधिक बोअर स्त्रिया आणि मुले दगावली. त्यांत मुलांची संख्याच अधिक. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या, तेथेही हजारो मेले.

पॅरिसमध्ये १७९३ च्या सुमारास शिरच्छेदाच्या यंत्राजवळ बसून विणणाऱ्या बायकांची गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांचेही टाके नीटच असतील. तेव्हा हाताची शिस्त म्हणजे मनाची शुद्धी नव्हे, हे मान्य केले पाहिजे. आमच्या पिढीला शाळेत सुबक काम आणि चांगले माणूस यांची जोडी लावून दिली गेली होती. ती जोडी आपोआप जमत नाही. काळजी घेणे हा गुण आहे, पण कोणाकोणाची काळजी घ्यायची हे तो गुण स्वतः ठरवीत नाही. आपल्या सैनिकाच्या बोटाची काळजी घेणारी व्यवस्था दुसऱ्याच्या मुलाला मोजतही नाही. म्हणून ‘कोण घालणार’ या प्रश्नालाही एक शेपूट जोडावी लागते: आणि कोणाला आपण उघडे ठेवले? १९६२ मध्ये आम्ही जवानांसाठी विणत होतो ते योग्यच होते. पण गोदाघाटावर कुडकुडणाऱ्यांसाठी त्या हिवाळ्यात आमच्या घरातून एकही मफलर गेला नाही, हेही खरे आहे.

दुसरा धोका उलट दिशेचा. माझी एक आत्या विणकामात सर्वांत तरबेज. तिला कोणताही दोष खपत नसे. एक टाका किंचित सैल दिसला की ती पाच ओळी उसवी. सकाळी विणलेले संध्याकाळी उसवी. माझ्या चुलतभावाच्या जन्माआधी तिने टोपडी-स्वेटरचा संच घ्यायला सुरुवात केली. तो संच पुरा झाला तेव्हा पोरगे चालायला लागले होते. स्वेटर त्याच्या डोक्यातून उतरेना. सर्वांनी तिच्या हाताची वाखाणणी केली आणि स्वेटर पेटीत गेला. निर्दोष कामाचा ध्यास हाही कधी कधी ‘कोण पाहणार’चाच प्रकार असतो, फक्त पाहणारा डोळा आपलाच असतो. लोयोलाचे संत इग्नाती १५२२ मध्ये मान्रेसा येथे असताना अशाच शंकाखोर विवेकाने पोळले होते. तीच तीच पापे पुन्हा पुन्हा निवेदन करूनही त्यांना वाटे, काहीतरी राहिले. जीव नकोसा होण्यापर्यंत ही यातना गेली. त्यातून बाहेर आल्यावर त्यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधने’त अशा शंकांविषयी नियम घालून दिले. सतत उसवणारा विवेक हा सूक्ष्म विवेक नव्हे. तो आपल्याकडेच वळून बसलेला विवेक आहे, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

मग काय उसवावे आणि काय तसेच ठेवावे? माझी कसोटी साधी आहे. जो दोष घालणाऱ्याला सोसावा लागेल तो उसवावा. जो फक्त माझ्या अभिमानाला सोसावा लागेल तो राहू द्यावा. नातीच्या त्याच तुकड्यात बॉर्डरच्या तिसऱ्या ओळीत एका सुलटाच्या जागी उलट पडला होता. तो मला दिसला होता. त्याने शिडी पडणार नव्हती, ऊब कमी होणार नव्हती. त्याविषयी मी बोलले नाही. कडेच्या सुटलेल्या टाक्याचे तसे नव्हते. गाठ सुटली तर कापड फाटत जाणार. टिकली तर तीन टाके आत घेतलेली जाड शिवण सहा वर्षांच्या पोराच्या बगलेखाली घासणार. शिवण चांगली तेव्हाच, जेव्हा दोन्ही भाग सुलट बाजूने शेजारी ठेवून कडेच्या एकाच टाक्याच्या आतली आडवी पायरी या बाजूची, मग त्या बाजूची, अशी उचलत वर जावे आणि दोरा ओढताच जोड मिटून जावा. तेथे तीन टाक्यांना जागा नसते.

विणकामाच्या इतिहासाची पुस्तके चाळताना एक चित्र माझ्यासमोर आले आणि तेव्हापासून ते मनात घर करून राहिले आहे. सन १४०० च्या आसपास जर्मनीतल्या बुक्स्टेहुड येथील वेदीसाठी मास्टर बर्ट्रामच्या चित्रशाळेत ते रंगवले गेले. आज ते हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. पवित्र मरिया चार सुयांवर गोलाकार विणीत बसली आहे. हातातला झगा गळ्यापर्यंत आला आहे, थोडेच टाके उरले आहेत. जवळ गवतावर बाळ येशू पुस्तक घेऊन पहुडला आहे, आणि मान वळवून तो दोन देवदूतांकडे पाहतो आहे. देवदूतांच्या हातांत क्रूस आहे, भाला आहे. आई विणते आहे.

सुयांवर गोल विणलेल्या कपड्याला शिवण नसते. क्रूसाखाली सैनिकांनी येशूचे कपडे वाटून घेतले, पण त्याचा अंगरखा बिनशिवणीचा होता म्हणून तो न फाडता त्यांनी त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, असे संत योहान सांगतो. तो कोणी विणला हे शुभवर्तमान सांगत नाही. तो आईच्या हातचा असावा, ही श्रद्धाळू मनाची जोड. मला त्या प्रसंगातली एक गोष्ट नेहमी सलते. सैनिकांना कापडाची पारख होती. इतकी सुंदर वस्तू फाडू नये, एवढी रसिकता त्यांच्यात होती. ती वस्तू ज्याने घातली होती तो मात्र डोक्यावर खिळलेला होता. काम पाहणारा डोळा आणि माणूस पाहणारा डोळा किती सहज वेगळे पडतात, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसावे? आणि दुसरीकडे ती आई: पुढे काय होणार हे देवदूतांच्या हातांत उघड दिसत असताना, झगा कोणाच्या हाती जाईल हे आपल्या हाती नसताना, ती गळ्याचे टाके नीट पुरे करते, कारण आज तो मुलाला घालायचा आहे.

राहता राहिला माझा मफलर. तो कोणाला गेला हे कधीच कळणार नाही, तेव्हा त्याची भरपाई कोणाला करायची? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच हा पेच सोडवला आहे: ज्याचे देणे आहे तो सापडत नसेल, तर त्याच्या नावाने ते गरिबांना द्यावे. हा नियम मी प्रौढपणी वाचला आणि मला हायसे वाटले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मी एक मफलर विणते, दोन सुलट, दोन उलट, आणि पहाटे थंडीत दिसणाऱ्या पहिल्या उघड्या गळ्याला देऊन टाकते. याने ते जुने देणे फिटले असे मी म्हणणार नाही. गेलेला मफलर गेलाच. पण देण्याला तोंड असते, दिशा असते. ती दिशा एवढ्याने कळत राहते.

हे सारे मी नातीला सांगितले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला आजीचे प्रवचन किती झेपणार! मी फक्त विचारले, “कोण पाहणार ते सोड. घालणार कोण?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग सुई काढून तिने लोकर ओढायला सुरुवात केली. वीस ओळी उसवायला काही मिनिटे पुरली. विणायला चार संध्याकाळी लागल्या होत्या. उसवलेली लोकर वेडीवाकडी, कुरळी असते. घातलेल्या फासांची आठवण तिच्या अंगात राहते. तशीच विणली तर टाके ओबडधोबड येतात. आम्ही ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात भिजवली आणि खाली वजन अडकवून रात्रभर टांगली. सकाळी ती बरीचशी सरळ झाली होती.

स्वेटर नाताळला पुरा झाला नाही. एक बाही राहिली होती. तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला, तो तयार झाला. नातीने शिवण स्वतः केली, बगलेखाली बोट फिरवून मलाही पाहायला लावले. भावाने तो घाईघाईने डोक्यातून घातला आणि अंगणात पळाला. तो गेल्यावर आमच्या लक्षात आले, की त्याने तो उलटा घातला आहे; सगळ्या गाठी, सगळी टोके आणि ती शिवण वर, उजेडात. नातीने त्याला हाक मारण्यासाठी तोंड उघडले आणि मग तशीच थांबली. उन्हाला अजून ऊब आली नव्हती. पोरगे खेळत होते.